संक्रांतीनंतरचा रविवार

संक्रांत झाली की सांगलीहून आईचा फोन येतो. "रविवारी जायचंय, शनिवारी रात्रीच ये." कुठं जायचं ते ती सांगत नाही आणि मीही विचारत नाही. लग्न होऊन साताऱ्याला आले त्याला बावीस वर्षं झाली. यातला एखाद-दुसरा अपवाद सोडला तर तो रविवार मी चुकवलेला नाही. आमच्या गल्लीच्या मंडळाचं वनभोजन असतं, सागरेश्वरला.

मंडळ तसं गणपतीचं. वनभोजनाची चाल मात्र त्याच्या आधीची. आजीच्या वेळी कार्तिकात गल्लीतल्या बायका आवळीभोजनाला हरिपूरला जायच्या. कृष्णा-वारणेच्या संगमावर, झाडाखाली पानं मांडून. पुढं पुरुषमाणसं आणि पोरंही बरोबर यायला लागली, हरिपूर जवळचं वाटायला लागलं आणि कुणीतरी सागरेश्वर सुचवलं. मी पहिल्यांदा गेले ती 1988 साली, आठ वर्षांची असताना. अभयारण्य जाहीर होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती.

अभयारण्य म्हटल्यावर मला वाटलं होतं, गर्द रान असेल, वाघ असेल. प्रत्यक्षात दिसला उघडा डोंगर, पिवळं कुसळ, मध्ये मध्ये माझ्या छातीला लागतील एवढी झाडं आणि भोवती तारेचं कुंपण. मी रडवेली झाले होते. तात्यांनी, म्हणजे आमच्या मंडळाच्या खजिनदारांनी, मला एका कडुनिंबाजवळ नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "हे तुझ्याएवढं आहे. पुढच्या वर्षी येऊन बघ, कोण उंच झालंय ते." पुढच्या वर्षी झाड उंच झालं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी तर फारच. या डोंगरावर झाडं उभी करायला वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्या साथीदारांनी किती खस्ता खाल्ल्या, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरचं हे रान आपसूक वाढलेलं नाही, माणसांनी वाढवलंय. चितळ, सांबर, काळवीट इथं आणून सोडले आणि ते रुळले. दरवर्षी त्याच वाटेनं गेल्यामुळं हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही, डोळ्यांसमोर घडलं.

सुरुवातीची काही वर्षं आम्ही पॅसेंजरनं जायचो. नांद्रे, भिलवडी, किर्लोस्करवाडी, मग ताकारीला उतरायचं आणि पुढं मिळेल त्या गाडीनं. मुलं वाढली, पातेली वाढली, तेव्हा तात्या एसटीच्या डेपोत जाऊन प्रासंगिक करारावर गाडी ठरवू लागले. पहाटे साडेपाचला लाल गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची. पुढच्या चाकाखाली लिंबू, समोर नारळ, "गणपती बाप्पा मोरया" आणि निघाली गाडी. पुढच्या बाकांवर म्हातारी माणसं, मागं आम्ही. नदीकाठच्या धुक्यात रस्ता दिसायचा नाही, नुसत्या उसाच्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज यायचा. कुंडल आलं की नाना खिडकीतून बोट दाखवून प्रतिसरकारच्या गोष्टी सुरू करायचे आणि सागरेश्वर आलं तरी त्या संपायच्या नाहीत. शेवटी आम्हीच म्हणायचो, "नाना, उरलेली परत येताना."

जेवणाची वाटणी आक्का करायच्या. कुणाच्या घरून दहा भाकरी, कुणाकडून भरली वांगी, कुणाकडं दही, कुणाकडं शेंगदाण्याची चटणी आणि खर्डा. भडंग मात्र मंडळाची पोरं आदल्या रात्री करायची, भरपूर लसूण घालून. त्या रात्री सगळ्या गल्लीला त्या फोडणीचा वास असायचा आणि आम्हाला झोप यायची नाही. माहेरवाशिणींकडून वर्गणी घ्यायची नाही आणि भाकरीही मागायच्या नाहीत, हा आक्कांचा नियम आजही आहे. पहिल्या वर्षी मी साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन गेले, तर तेवढे मात्र त्यांनी मान्य केले.

सगळ्या घरच्या भाकरी एकाच धडप्यात पडायच्या. पण आक्का वरची उचलून नुसत्या काठावरून सांगायच्या, ही कुणाची, ती कुणाची. ज्वारीची, बाजरीची, पातळ, जाड, एका बाजूला जरा करपलेली. माझ्या आईची भाकरी त्यांनी एकदाही चुकवली नाही. मी खूप वेळा प्रयत्न केला, मला अजून जमत नाही.

आधी देवळात जायचं. सागरेश्वराचं मुख्य देऊळ आणि भोवती लहान लहान देवळांचा समूह, दगड थंडगार. मग डोंगर चढायचा. सकाळी लवकर पोचलो तर चितळांचा कळप दिसायचाच. एका वर्षी वाटेत एक गळून पडलेलं शिंग सापडलं. पोरांनी ते घरी न्यायचं ठरवलं होतं. तिथल्या वनरक्षकांनी ते शांतपणे हातातून घेतलं आणि सगळ्यांना खाली बसवून सांगितलं, की चितळाचं, सांबराचं शिंग भरीव असतं, ते दरवर्षी गळतं आणि नवं फुटतं. काळविटाचं पोकळ, पिळाचं, ते जन्मभर राहतं. गळलेलं शिंगही रानातच ठेवायचं. त्या दिवसापासून आमच्या मंडळात दोन नियम झाले. रानातून काही आणायचं नाही आणि तिथं चूल पेटवायची नाही. सुकलेल्या गवताचा डोंगर आहे, एक ठिणगी पुरते.

माथ्यावर पोचलं की खाली सगळा मुलूख पसरलेला असतो. कृष्णेची वळणं, उसाचे हिरवे तुकडे, गुऱ्हाळांचा धूर, रेल्वेची रेघ आणि किर्लोस्करवाडीची छपरं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती वसवली. तात्यांची सगळी नोकरी तिथंच झाली, रोज पॅसेंजरनं जाऊन-येऊन. ते दरवर्षी एकच छप्पर बोटानं दाखवायचे, "ते माझं." आम्हाला सगळी छपरं सारखीच दिसायची, पण आम्ही हो म्हणायचो. आता तात्या नाहीत. त्यांचा नातू ते छप्पर दाखवतो.

दरवर्षी तिथंच का, हा प्रश्न प्रत्येक पिढीत निघतो. एका वर्षी तरुण पोरांच्या आग्रहानं सप्टेंबरात कासला गेलो. साताऱ्याची म्हणून मीच पुढाकार घेतला होता. कास 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून तिथं आधी नोंदणी करून, ठरल्या वेळेत, आखल्या वाटेनं बघायचं असतं, आणि ते तसंच हवं. त्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे, की पाऊल पडलं तर फूल मेलंच. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, डोळे निवले. पण दोन तास झाल्यावर माझ्या मुलीनं विचारलं, "आई, इथं डबे कुठं उघडायचे?" मला वाटतं, काही जागा बघण्याच्या असतात आणि काही बसण्याच्या. जिथं बसता येतं तिथंच माणसं एकमेकांना सापडतात. जानेवारीत आम्ही पुन्हा सागरेश्वरला गेलो.

2019 च्या ऑगस्टात कृष्णा आमच्या गल्लीत आली. आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आईला आणि शेजाऱ्यांना होडीतून काढावं लागलं. पाणी उतरल्यावर मंडळाच्या खोलीत गुडघाभर चिखल होता. पातेली सापडली. तात्यांची वही सापडली, पण वाचता येईना. कोण आलं, किती वर्गणी, गाडीचं भाडं किती, शिल्लक किती, सगळं निळ्या शाईत लिहिलेलं होतं आणि सगळं एक निळा डाग होऊन गेलं होतं.

त्या वर्षी जायचं की नाही यावर कुणी बोलायलाच तयार नव्हतं. कुणाच्या भिंती अजून ओल्या, कुणाच्या दुकानातला सगळा माल गेलेला. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आलेल्या आक्काच म्हणाल्या, "रविवारचं काय ठरलं?" गाडी भरून गेली. आधी कधी न आलेलीही माणसं आली, चार बाकांवर तर पाच-पाच जण बसले.

वर चढणं आक्कांना झेपणार नव्हतं. तरी त्या दोघांच्या आधारानं माथ्यापर्यंत आल्या. कठड्याशी उभ्या राहून बराच वेळ नदीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हितनं बघितलं तर कशी गरीब गाय दिसतीया." आणि पदर तोंडाला लावला. आम्ही सगळ्या त्यांच्याभोवती उभ्या होतो. त्या पाच महिन्यांत कुणीच धड रडलं नव्हतं, ते तिथं झालं.

येताना गाडीत तात्यांच्या नातवानं कोरी वही काढली. पहिलं पान 1988 चं करायचं ठरलं. मागून एक जण सांगायचा, पुढून दुसरा दुरुस्त करायचा. त्या साली कोण कोण होतं, दही कुणाकडं होतं, कुणाचं पोर गाडीत झोपलं आणि ताकारीला उतरवायचं राहून गेलं असतं. मिरजेच्या काकींना आठवलं की त्या वर्षी मी रडले होते, तेही लिहिलं गेलं. सांगली येईपर्यंत 1996 पर्यंत पोचलो. पुढची दोन वर्षं करोनामुळं गेली, मग पुन्हा सुरू झालं. आता वही जवळजवळ पुरी झाली आहे. फक्त 1993 चं पान कोरं आहे. त्या साली गाडीचं चाक पलूसला बसलं की कुंडलला, यावर नाना आणि आक्का यांचं अजून एकमत झालेलं नाही.