२४ इंचाला २४ फूट

इथे अमेरिकेतच, केंटकी राज्यातून येऊन दोन आठवडे झाले, हातावरचे फोड बसले, पण तो रॅम्प काही डोक्यातून जाऊन नाही राहिला, म्हणून लिहायला बसले.

माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण दरवर्षी तिच्या चर्चबरोबर आठवडाभर लोकांची घरं दुरुस्त करायला जाते, इथे त्याला मिशन ट्रिप म्हणतात. सुट्टी स्वतःची टाकायची, वर खर्चही स्वतःच भरायचा. यंदा ऐनवेळी एक जण गळला आणि तिने मला विचारलं. नागपूरला फोनवर सांगितलं तर मावशीचा पहिला प्रश्न, "धर्म तं नाही बदलवून राहिली नं बाई?" अगं मावशी, तू शिकली मिशनऱ्यांच्या हिस्लॉप कॉलेजला, तुझी दोन्ही बाळंतपणं मिशनऱ्यांच्याच मुरे मेमोरियल दवाखान्यात, तेव्हा तुला विचारलं होतं का कोणी? मलाही नाही विचारलं. सकाळी नाश्त्याआधी दहा मिनिटं प्रार्थना, मी हात जोडून उभी राहायचे, बस.

पूर्व केंटकी म्हणजे डोंगर आणि कोळसा. खाणी बंद पडत गेल्या, पोरं शहरात गेली, मागे राहिली म्हातारी माणसं आणि गळकी घरं, त्यात २०२२ च्या जुलैत मोठा पूर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलावाचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांना भिंतीवरची ती चिखलाची रेघ काय असते हे मी सांगायला नको. तिकडे हे काम जुनं आहे, एका मेथॉडिस्ट पाद्र्यांनी १९६९ मध्ये सुरू केलेली अपालाचिया सर्व्हिस प्रोजेक्ट नावाची संस्था आजही करते. आमचा ग्रुप वेगळा, पण काम तेच, छत, जिने, घरातली सडलेली लाकडी जमीन.

आमच्या वाट्याला आलं एका आजोबांचं ट्रेलरचं, म्हणजे तयार आणून ठेवलेलं, घर. आयुष्य खाणीत गेलं, छातीत कोळशाची धूळ बसलेली, चार पावलं टाकली की धाप, म्हणून व्हीलचेअर. दाराचा उंबरठा जमिनीपासून ३० इंच. आणि रॅम्प किती? ३० फूट! एक इंच उंचीला एक फूट लांबी, हा इथला नियम. तो खरं तर सार्वजनिक जागांसाठी, खाजगी घराला सक्ती नाही, पण हे लोक पाळतातच. वर-खाली पाच-पाच फुटांची सपाट जागा वेगळी. मला ते लाकूड बघून राहवेना, वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेलं महाग लाकूड, मी म्हटलं १५ फुटांत काम होते नं, अर्धं लाकूड दुसऱ्या घराला जाईल. आमच्यातले एक रिटायर्ड सुतारकाका काही बोलले नाहीत. फळ्या टाकून तेवढाच उतार केला, मला व्हीलचेअरवर बसवलं आणि म्हणाले, चढ. मी ३६ वर्षांची, धडधाकट, अर्ध्यातच हात भरून आले, खुर्ची मागे घसरायला लागली, पोटात गोळा आला. त्यांनी मागून धरली. मग फळ्या लांब केल्या, त्यावर मी एकटी वर गेले. त्यानंतर मी एक शब्द बोलले नाही, तीन दिवस खड्डे खणले, स्क्रू मारले.

आपल्याकडे असं नाही असं कोणी म्हणू नये. तुकडोजी महाराजांच्या, गाडगेबाबांच्या विदर्भातली मी, श्रमदान मला चर्चने नाही शिकवलं, कॉलेजात एनएसएसच्या शिबिरात गावची नाली आम्हीच खणली होती. पण घराला मिस्त्री लागला की मिस्त्रीच बोलवायचा, त्याचा रोज का बुडवायचा, हेही खरंच आहे. तरी शुक्रवारी आजोबा एकटे खाली आले, टपालाच्या डब्यापर्यंत गेले, रिकामाच होता तो, उघडून पाहिला आणि परत वर गेले, आणि मी गाडीमागे जाऊन रडले.

कारण बाबा. लकवा मारल्यापासून दोन वर्षं नागपूरला नंदनवनच्या घरात चार पायऱ्यांच्या वर अडकले आहेत. खाली उतरवायला दोन माणसं लागतात, म्हणून डॉक्टर सोडून कुठेच नाही. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहायला इतवारीत जाणारा माणूस, दोन वर्षं टीव्हीवर पाहतो. दादा-वहिनी सगळं करतात, मी पैसे पाठवते, दर रविवारी व्हिडिओ कॉल करते, इतक्या लांबून अजून काय करणार असं मी स्वतःला सांगत आले. पायऱ्या मोजायचं मात्र एकदाही सुचलं नाही.

त्याच रात्री दादाला टेप घ्यायला लावला. २४ इंच. म्हणजे २४ फूट, आणि दारापासून गेट ११ फूट. दादा म्हणाला, "काऊन एवढा लांब? मिस्त्री म्हणते आठ फुटांत करून देतो." मी त्याला खुर्चीची गोष्ट पूर्ण सांगितली. मग कागदावर काढलं, दारातून भिंतीच्या कडेने बोरिंगपर्यंत जायचं, तिथे सपाट जागा, वळायचं, परत यायचं. मधे आईचं तुळशीवृंदावन येते. मी घाबरत विचारलं, तर आई म्हणाली, तुळस मी हलवते, तू माप पाठव.

बाबा बाजूलाच होते, हल्ली फोनवर फार बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, कठडा किती उंच राहील?

मी म्हटलं, ३४ ते ३८ इंच.

म्हणाले, ३६ ठेव.