लुआरच्या काठाने, चिवड्याच्या भरवशावर

नाशिकमध्ये सायकलचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, "किती किलोमीटर?" महाजन बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पार केली, तेव्हापासून सकाळी गंगापूर रोडला सायकल काढणारा प्रत्येक माणूस मनातून अमेरिकेलाच निघालेला असतो. त्यामुळे "आठ दिवसांत अडीचशे" असं आम्ही सांगितलं की समोरचा मनातल्या मनात भागाकार करायचा आणि मग पावसाचा विषय काढायचा.

मी चोपन्न वर्षांची, हे एकसष्टचे. लेक नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असते. तिच्याकडे जायचंच होतं, तर वाटेत फ्रान्समध्ये लुआर नदीकाठी सायकल चालवा, अशी कल्पना तिचीच. 'ला लुआर आ व्हेलो' हा जवळजवळ ९०० किलोमीटरचा आखलेला सायकलमार्ग आहे, नेव्हेरजवळून थेट अटलांटिक समुद्रापर्यंत. आम्ही त्यातला मधला तुकडा निवडला, ब्लुआ ते सोम्यूर. राजवाडे या पट्ट्यात सर्वांत दाट आहेत आणि चढ कमी. सुली ते शालोन या भागाला युनेस्कोने २००० मध्ये जागतिक वारसा ठरवलंय, आमचा तुकडा त्याच्या आतलाच.

व्हिसाचं आधी सांगते. शेंगेनसाठी ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. आमच्या फ्रान्समध्ये नऊ आणि लेकीकडे सात, म्हणून फ्रान्स. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा, बँकेची स्टेटमेंट आणि प्रत्येक रात्रीचं बुकिंग जोडलं. खिडकीतल्या मुलीने पाच गावांतली पाच बुकिंग पाहिली आणि विचारलं, "या गावातून त्या गावात जायची तिकिटं कुठायत?" म्हटलं, सायकलने जाणार. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्या पांढऱ्या केसांकडे. शेवटी रोजचं अंतर आणि मुक्काम लिहिलेला एक कागद मी तिथेच बसून हाताने तयार केला आणि तो फाइलला लावला. कोणी जाणार असेल तर हा कागद घरूनच छापून न्या.

सायकली ब्लुआला भाड्याने घेऊन सोम्यूरला परत करायच्या होत्या. तशी सोय मिळते, जादा पैसे पडतात. मी बॅटरीची घेतली. यांनी साधी. "बॅटरी लावायची तर स्कूटर काय वाईट?" हे यांचं वाक्य मी पूर्ण आठ दिवस जपून ठेवलं. बॅटरीवाली सायकल आपोआप पळते असा इकडे गैरसमज आहे. पायडल मारलंच नाही तर ती जागची हलत नाही, आणि ताशी २५ च्या पुढे मोटर मदत करणं सोडते. तिचा खरा त्रास वजनाचा. पंचवीसेक किलोची सायकल जिन्यावरून चढवायची वेळ आली की तिच्या सगळ्या गुणांचा विसर पडतो. मोठ्या बॅगा लेकीकडे ठेवल्या होत्या. सायकलच्या दोन्ही बाजूंना लावायच्या पिशव्यांमध्ये मावेल तेवढंच सोबत, आणि त्यात दोन किलो चिवडा. हे लागले हसायला, "फ्रान्समध्ये चिवडा?"

पहिल्या दिवशी शांबोर. ब्लुआपासून सोळा-अठरा किलोमीटर, सपाट, शेवटी जंगल. या वाड्याच्या आवाराची भिंत ३२ किलोमीटर लांब आहे, म्हणजे आमच्या एका दिवसाच्या सायकलिंगइतकी नुसती कंपाउंड वॉल! (फ्रेंचमध्ये याला शातो म्हणतात, मी वाडाच म्हणते. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजगड येतो, त्याच्याशी यांचं काही नातं नाही.) फ्रान्सवा पहिला या राजाने १५१९ मध्ये काम सुरू केलं, आणि बत्तीस वर्षांच्या कारकिर्दीत तिथे राहिला जेमतेम ७२ दिवस. तेव्हा दरबार फिरता असायचा, गालिचे-पलंग सगळं गाड्यांवर लादून बरोबर. राजा निघाला की वाडा रिकामा. १९३९ मध्ये युद्ध आलं तेव्हा या रिकामपणाचा उपयोग झाला, लूव्हरमधली चित्रं इथे हलवली गेली. मोनालिसासुद्धा काही काळ इथेच होती.

मधोमध जो प्रसिद्ध जिना आहे तो दुहेरी पिळाचा. दोन जिने एकमेकांभोवती वळत वर जातात आणि कुठेच मिळत नाहीत. हे एका बाजूने चढले, मी दुसऱ्या. मधल्या खिडक्यांतून अधूनमधून दिसायचे, एकदा हातही केला. वर गच्चीवर पोचल्यावर म्हणतात, "तू मागे राहिलीस." जिन्याला बॅटरी नव्हती.

ब्लुआला परतताना मात्र हिशेब चुकता झाला. आमचं हॉटेल वाड्याच्या अंगाला, म्हणजे पूल ओलांडल्यावर सरळ चढ. मी पायडल मारत वर गेले. वरून पाहिलं तर हे सायकल हातात धरून, दुकानांच्या काचा बघण्याचं निमित्त करत येत होते.

तिसऱ्या दिवशी आंब्वाझ, चाळीसच्या वर किलोमीटर, आणि तिथे आमचं नियोजन मोडलं. मी घरी बसून रोज दोन वाडे आखले होते, वाऱ्याचा विचारच केला नव्हता. इथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, समुद्राकडून येतो. आम्ही चाललो होतो पश्चिमेला. समोरून शिळ घालत येणारं एक डच जोडपं थांबलं, आमचा मार्ग ऐकून बाईंनी नुसते दोन्ही हात पसरून वारा दाखवला आणि पुढे निघून गेल्या. जाणकार लोक पश्चिमेकडच्या नांतहून उलटे येतात! शोमोंला पोचायला अडीच वाजले. वाडा टेकडीवर, पोटात कावळे, आणि फ्रान्समधलं जेवण बारा ते दोन. दोनला स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद, विनवणी चालत नाही. नदीकाठच्या बाकावर बसून आम्ही चिवडा खाल्ला. हसणारे दुसऱ्यांदा मागत होते. शोमोंचा वाडा खालूनच पाहिला.

त्या रात्री आंब्वाझच्या खोलीत मी वहीतल्या निम्म्या ओळी खोडल्या. दिवसाला एकच वाडा, निघायचं नऊला, साडेअकराला जेवायची जागा शोधायला लागायचं. पुढचे दिवस याच वेळापत्रकाने गेले.

आता नदीबद्दल, कारण वाड्यांपेक्षा जास्त वेळ आम्ही हिच्याच सोबत होतो. लुआर फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, हजार किलोमीटरच्या किंचित वर. आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो तेव्हा पात्रात वाळूची बेटंच बेटं, मधून निळसर पाणी, त्यात बगळे उभे. वाटेल की ही गरीब गाय. पण सायकलमार्ग बऱ्याच ठिकाणी ज्या बांधावरून जातो, तो लव्हे नावाचा बांध पुरासाठीच पिढ्यान्‌पिढ्या उंच करत नेलेला आहे. काठच्या गावांतल्या जुन्या भिंतींवर पाण्याच्या खुणा कोरल्यात, एकाखाली एक रेघा आणि साल : १८४६, १८५६, १८६६. दर दहा वर्षांनी. एका घराची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. आम्ही दोघं तिथे नको तितका वेळ उभे राहिलो. नाशिकच्या माणसाला ही भाषा शिकवावी लागत नाही. गोदावरीला पाणी आलं की आम्हीही आकडे विचारत नाही, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते विचारतो. २०१६ मध्ये ऑगस्टच्या त्या दिवशी आमच्या गल्लीत सगळे हेच विचारत होते.

शनोंसोला आंब्वाझहून जंगलातून रस्ता आहे, सुरुवातीला चांगला चढ. (चढाबद्दल आता काही लिहीत नाही, घरात वाचलं जातं.) हा वाडा नदीवर आहे, काठावर नव्हे. नदीचं नाव शेर, ऐकायला जंगली आणि वाहायला अगदी संथ. राजा दुसऱ्या हेन्रीने तो आपल्या लाडक्या दियान द प्वातिएला दिला, तिने नदीवर पूल बांधला. राजा मेल्यावर राणी कातरीन द मेदिचीने तिच्याकडून वाडा काढून घेतला आणि त्याच पुलावर दालन चढवलं. सवतीच्या पुलावर नाचघर! मार्गदर्शक पुस्तिका हे फार सभ्य शब्दांत सांगते, पण खुन्नस लपत नाही.

ते दालन साठ मीटर लांब आहे, दोन्ही बाजूंना खिडक्या, खाली पाणी. पहिल्या महायुद्धात इथे इस्पितळ होतं, खिडक्यांलगत खाटा, दोन हजारांवर जखमी सैनिकांवर उपचार झाले. दुसऱ्या महायुद्धात तर शेर नदी हीच सीमारेषा ठरली. वाड्याचं मुख्य दार जर्मनांच्या ताब्यातल्या भागात उघडायचं आणि दालनाच्या टोकाचं दक्षिणेकडचं दार मोकळ्या फ्रान्समध्ये. त्या दाराने माणसं पलीकडे निसटली. शाळकरी मुलांचा एक घोळका काळ्यापांढऱ्या फरशीवरून धावत त्या दारापर्यंत गेला आणि परत आला. मी मात्र सावकाश चालत गेले, दार ओलांडलं, पलीकडच्या झाडाखाली बसले. साठ मीटर म्हणजे आमच्या सोसायटीच्या गेटपासून पार्किंगपर्यंत.

आंब्वाझमध्ये लिओनार्दो द विंचीचं शेवटचं घर आहे, क्लो ल्युसे. १५१६ मध्ये शांबोरवाल्या फ्रान्सवा राजाच्या बोलावण्यावरून तो इटलीहून आला आणि २ मे १५१९ ला इथेच गेला. बागेत त्याच्या यंत्रांचे मोठाले नमुने आहेत, मुलांना आवडतील. तूरमध्ये एक रात्र राहिलो, शहर छान आहे, पण पाच दिवस नदीकाठी काढल्यावर ट्रॅफिकचा सिग्नल पाहून दोघंही बावचळलो.

व्हिलांद्रीची गंमत वेगळी. इथे वाड्यापेक्षा बाग मोठी आणि बागेतही भाजीपाला. १९०६ मध्ये जोआकिम कार्व्हालो या स्पॅनिश संशोधकाने आपलं विज्ञानातलं काम सोडून हा वाडा घेतला आणि जुन्या पद्धतीच्या बागा पुन्हा उभ्या केल्या. भाज्यांचे नऊ चौकोन, रांगोळीसारखे आखलेले : जांभळा कोबी, पालेभाज्या, लालभडक भोपळे. आणि त्या कुंपणाबाहेर आम्हा दोघांना शाकाहारी जेवण मिळेना! "मांस खात नाही" एवढंच सांगितलं तर मासा येतो. "नी व्यांद, नी पुआसों", मांसही नाही, मासाही नाही, असं दोन्ही सांगायचं. आणि त्याआधी "बोंजूर". बोंजूर न म्हणता थेट प्रश्न विचारला की समोरचं दार बंद झालंच म्हणून समजा. अंडं आम्हाला चालतं, म्हणून निभलं. बाकी शेळीच्या दुधाचं सँत-मोर चीज, मधोमध राईच्या गवताची काडी घातलेलं, आणि पाव, यावर आमचे बरेच दिवस गेले.

सोमवार सर्वांत खडतर. रविवार दुपारपासून दुकानं बंद होती, आणि सोमवारी कित्येक बेकऱ्याही बंद असतात हे आम्हाला ब्रेएमों गावात, बंद शटरपुढे कळलं. पाणीही संपत आलेलं. तिथे एका म्हाताऱ्या सायकलवाल्याने युक्ती सांगितली : कबरस्तान गाठा. फ्रान्समधल्या जवळजवळ प्रत्येक गावाच्या कबरस्तानात फुलझाडांसाठी नळ असतो. "नों पोताब्ल", म्हणजे पिण्याजोगं नाही, अशी पाटी नाही ना, तेवढं बघायचं. आधी यांनी बाटली भरायला साफ नकार दिला. पुढच्या गावापर्यंत ऊन चढलं, मग भरली. त्याच दुपारी यांचं मागचं चाक पंक्चर झालं, ट्यूब बदलायला पाऊण तास आणि शेवटचा चिवडा खर्ची पडला. आवोआनची अणुभट्टीही याच पट्ट्यात लागते. पर्यटनाच्या पत्रकांत तिचा फोटो नसतो.

संध्याकाळी कांद-सँ-मार्तँ. इथे व्हिएन नदी लुआरला मिळते, दोन पाण्यांचे रंग थोडा वेळ वेगळे दिसतात. संगम पाहिल्यावर यांचा हात आपोआप खिशात गेला. एक युरोचं नाणं निघालं. "नव्वद रुपये," असं पुटपुटत ते परत ठेवलं आणि शोधून दहा सेंटचं काढलं. दोघांनी नमस्कार केला. शेजारी उभ्या बाईंनी विचारलं, इच्छा मागितली का? हो म्हटलं, काय मागितलं ते फ्रेंचमध्ये सांगता येण्यासारखं नव्हतं.

तिथून फोंतव्रोचा मठ जवळ आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड लायनहार्ट याची समाधी तिथे, आणि १९६३ पर्यंत तुरुंगही होता. पण चढ होता. नाही गेलो, वाईटही वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी त्युर्कांच्या बाजूने सोम्यूर. इथला दगड पांढरा, मऊ, त्युफो म्हणतात. वाड्यांसाठी तो काढून काढून टेकड्या पोखरल्या, आणि त्या पोकळ्यांत आता घरं आहेत, वाइनचे तळघर आहेत, अळिंब्यांची शेती आहे. अशाच एका गुहेत जेवलो. फुए नावाचे छोटे पाव लाकडाच्या भट्टीत टाकतात, ते टम्म फुगतात, चिरून आत लोणी आणि शिजवलेले पांढरे घेवडे भरायचे. मी एक हातात घेतला, चटका बसला, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा ताटातलं काहीतरी ओळखीचं वाटलं. यांनी सात खाल्ले.

सायकली परत केल्या. स्टेशन नदीच्या पलीकडे, म्हणून पिशव्या खांद्यावर घेऊन पूल चालत ओलांडला. वारा आता डावीकडून येत होता, यांची टोपी दोनदा उडाली. पुलाच्या मध्यावर हे थांबले, खाली वाळूच्या बेटांकडे बघत म्हणाले, "ती बॅटरीची सायकल दिवसाला किती पडते गं?"