डीएनएची भूमिती: किती बांधायची, किती सोडायची
जळगावच्या या उन्हात आजचा अख्खा दिवस ३ आँगस्ट्रॉम रेझोल्युशनच्या, म्हणजे बारीक तपशील पुसट असलेल्या, घनतेच्या नकाशात डीएनएचं अणू-मॉडेल बसवण्यात गेला. एमएस्सीच्या पोरांसाठी लिहितोय.

एवढ्या रेझोल्युशनला बेस (ए, टी, जी, सी) म्हणजे नुसता चपटा डाग. बंधांच्या लांब्या, कोन बरोबर असूनही जोड्या हळूहळू सरकतात. म्हणून हायड्रोजन बंधांचे रिस्ट्रेंट्स (मॉडेलला ठरावीक मापाजवळ ठेवणारी लवचिक बंधनं) वेगळे द्या: जी-सीला तीन, ए-टीला दोन, अंतर २.८ ते ३.० आँगस्ट्रॉम. सिग्मा, म्हणजे त्या अंतराला दिलेली मोकळीक, ०.१ आँगस्ट्रॉम पुरे. ०.०२ केलात तर मॉडेल दिसेल देखणं, पण नकाशाशी भांडेल.

जोडीतले दोन्ही बेस एकाच प्रतलात करकचून बांधू नका. प्रोपेलर ट्विस्ट (जोडीतले दोन बेस एकमेकांविरुद्ध पिळलेले असणं) खराच असतो, बी-डीएनएत (डीएनएच्या नेहमीच्या रूपात) १० अंशांच्या पुढेही जातो. प्रत्येक बेस आपापला सपाट ठेवा, बास.

शर्करेचा पकर (साखरेच्या कड्यातला कुठला कार्बन प्रतलाबाहेर उचललाय ते): लागोपाठच्या फॉस्फरसांत ७ आँगस्ट्रॉमच्या आसपास अंतर असेल तर बहुधा सी२ प्राइम-एंडो, ६ च्या जवळ असेल तर सी३ प्राइम-एंडो.

टोकाच्या जोड्या अनेकदा उसवलेल्या असतात. प्रोग्रॅमने आपोआप केलेली जोड्यांची यादी डोळ्यांखालून घाला, घनता नसेल तिथलं बंधन काढा. आणि प्युरिनपाशी (ए किंवा जी) हिरवे-लाल डाग, म्हणजे मॉडेल नि नकाशातल्या तफावतीच्या खुणा, हटतच नसतील, तर तो बेस १८० अंश उलटून हूगस्टीन जोडी (प्युरिनच्या दुसऱ्या कडेने जुळणारी) बसते का बघा.