हिचमचे रेक्टर

डार्विनची ‘बीगल’ जहाजासाठी शिफारस करणारे केंब्रिजचे प्राध्यापक, एवढीच जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो यांची ओळख बहुतेकांना असते. त्यांच्या आयुष्यातली अखेरची बावीस वर्षे मात्र इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या हिचम या खेड्यात रेक्टर, म्हणजे गावच्या चर्चचे मुख्य धर्मगुरू, म्हणून गेली, आणि व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रजी पॅरिशचा, म्हणजे एका चर्चभोवतीच्या गावाचा, कारभार नेमका कोणाच्या हाती असे, हे मला त्या बावीस वर्षांच्या हकिकतीतून अधिक चांगले समजले.

हेन्स्लोंची नेमणूक १८३७ साली झाली आणि दोन वर्षांनी ते गावात राहायला आले. वस्ती हजाराच्या आसपास, बहुतेक शेतमजूर. रेक्टरचे उत्पन्न वर्षाला हजार पौंडांहून अधिक, तर मजुराला आठवड्याला मिळत जेमतेम आठ-नऊ शिलिंग. पॅरिशचा कारभार वेस्ट्री नावाची सभा पाही. तिच्यात करदात्यांना मिळकतीच्या प्रमाणात मते असल्यामुळे शब्द चाले तो मोठ्या शेतकऱ्यांचा. १८३४ च्या कायद्यानंतर गरिबांची सोय अनेक पॅरिशांनी मिळून चालवलेल्या वर्कहाऊसकडे, म्हणजे निराधारांना काम करवून आसरा देणाऱ्या गरीबगृहाकडे गेली, पण त्यावर देखरेख करणारे ‘गार्डियन’ही करदात्यांनीच निवडलेले असत. म्हणजे काम देणारा, बऱ्याचदा राहते घर देणारा आणि अडचणीच्या वेळी मदत मंजूर करणारा वर्ग एकच. या वर्गाला हात लावता येत नसे तो फक्त रेक्टरला, कारण त्याचा दशमांश, म्हणजे शेतीच्या उत्पन्नातला चर्चचा दहावा हिस्सा, कायद्याने जमिनीवरच बसवलेला होता (१८३६ पासून तो धान्याऐवजी, गहू, जव आणि ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावानुसार रोख रकमेत ठरे) आणि त्याला पदावरून हटवण्याचा अधिकार गावाला नव्हता.

हेन्स्लोंनी या सुरक्षिततेचा उपयोग करून घेतला. त्यांनी शाळा काढली, कोळशासाठी आणि कपड्यांसाठी बचतीचे क्लब चालवले, रेक्टरीच्या हिरवळीवर स्वतः आतषबाजी केली आणि १८५४ साली गावकऱ्यांना रेल्वेने केंब्रिज दाखवून आणले. मला सर्वांत मोह पडतो तो त्यांच्या वनस्पतिशास्त्राच्या ऐच्छिक वर्गाचा. त्यात मजुरांच्या मुली रानफुले गोळा करून आणत, पाकळ्या आणि पुंकेसर सुटे करून मोजत आणि फुलांचे नमुने नावाच्या चिठ्ठ्या लावून शाळेत मांडून ठेवत. मात्र वर्गात प्रवेश हवा असेल तर ‘मोनोकॉटिलेडन’ (एकदल) आणि ‘डायकॉटिलेडन’ (द्विदल) यांसारख्या शब्दांचे स्पेलिंग आधी बिनचूक यावे लागे. ही अट कोणाला जाचक वाटेल, पण खेड्यातल्या मुलांना सोपे करून, पातळ करून शिकवायचे नाही, हा त्यामागचा आग्रह मला मोलाचा वाटतो.

शेतकऱ्यांशी त्यांचे वैर होते असेही नाही. १८४३ साली त्यांनी सफोकच्या शेतकऱ्यांना उद्देशून खतांविषयी जाहीर पत्रे लिहिली, शेतांवर प्रयोग करून पाहण्याचा आग्रह धरला, आणि त्याच सुमारास फेलिक्सस्टो येथे सापडणाऱ्या फॉस्फेटयुक्त गोट्यांचा खतासाठी उपयोग होईल हेही त्यांनी दाखवून दिले. ठिणगी पडली ती मजुरांना भाजीपाला पिकवण्यासाठी जमिनीचे लहान तुकडे भाड्याने देण्यावरून. आपल्या तुकड्यावर राबणारा मजूर मालकाच्या शेतात अंगचोरपणा करील, बी-बियाणे लांबवील, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती; मजुराची गरज थोडी जरी कमी झाली तरी तो दबून राहणार नाही, हे खरे दुखणे असावे असे मला वाटते. असा तुकडा घेणाऱ्या कोणत्याही मजुराला काम द्यायचे नाही, असा ठरावच त्यांनी केला. हेन्स्लो बधले नाहीत. पुढे हा विरोध ओसरला, तुकड्यांची संख्या वाढत गेली आणि तिथला भाजीपाला गावच्या प्रदर्शनात बक्षिसे मिळवू लागला.

हेन्स्लो १८६१ साली हिचममध्येच वारले. शेजारच्या एखाद्या पॅरिशमध्ये केवळ शिकारीचा शौक असलेला रेक्टर आला असता, तर त्यालाही हेच उत्पन्न आणि हीच सुरक्षितता मिळाली असती, आणि तिथल्या मजुरांना त्याविरुद्ध काही करता आले नसते. वेस्ट्रीचा लौकिक कारभार काढून घेऊन तो निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे सोपवणारा कायदा यायला १८९४ साल उजाडावे लागले. असे जमिनीचे तुकडे मिळवून देण्याचे कामही त्या कायद्याने कौन्सिलकडेच दिले.