तो तुमचा कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसे विचारणारे बरेच असतात. जिन्यात भेटणाऱ्या काकू, सिलिंडरवाला, दिवाळीला गावाहून आलेला मामा. प्रश्न एकच: "तुझ्यासोबत राहतो तो कोण रे?" मी म्हणतो, रूममेट. नाशिकच्या सिडकोत एवढं पुरतं.

का पुरतं, ते काही फार चांगलं नाही. तो देवरिया जिल्ह्यातला, अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला. त्याच्याकडे बघून लोकांना आधी दिसतो तो 'भैया'. आणि भैये काय, एका खोलीत सहा-सहा राहतातच. आम्ही दोघंच म्हणजे उलट ऐषच. दोन मराठी पोरं पंचविशी उलटल्यावरही अशी राहिली असती, तर काकूंनी एव्हाना स्थळं तरी आणली असती नाहीतर कान तरी टवकारले असते. तो परप्रांतीय आहे, त्याच्या आडोशाला आमचं चाललंय. आडोसा मला मिळतो. त्याच्या वाट्याला नुसतं 'परप्रांतीय'.

मी तरी कुठला नाशिकचा? कळवणचा. डिप्लोमा करून आलो नि त्याच्याच कंपनीत क्वालिटीला लागलो. पण मला कुणी "इकडे कधी आलात" म्हणून विचारत नाही. २००८ च्या फेब्रुवारीत उत्तर भारतीयांवर हल्ले झाले तेव्हा त्याचे काका सातपूरहून एका पिशवीनिशी गाडीत चढले, ते पुन्हा फिरकले नाहीत. हा निघाला तेव्हा काकांनी बजावलेलं, मराठी लवकर शीक. शिकलाही. फक्त चहा अजून त्याच्या तोंडी बाई आहे. "चहा झाली, ये." आधी मी सुधारायचो. आता कंपनीत माझ्याच तोंडून कधीतरी "चहा आली का?" निघून जातं आणि सगळे हसतात.

चारचौघांत तो मला 'भाऊ' म्हणतो. लोक त्याला भैया म्हणतात, तो मला भाऊ. अर्थ एकच, आणि लागू दोन्हीकडे नाही.

एकदा देवळाली कॅम्पला फिरताना मी त्याला सांगितलं की फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासितांची छावणी होती. तो दुकानांच्या पाट्या वाचत होता. म्हणाला, "मग यांना निर्वासित म्हणायचं लोकांनी कधी सोडलं?" मला काही सांगता आलं नाही.

लॉकडाऊनचं सांगायलाच हवं. मे २०२० च्या सुरुवातीला नाशिकरोडहून लखनौला श्रमिक गाडी सुटली. त्याच्या खोलीतले पाचही जण गेले. यादीत नाव त्याचंही होतं. त्या सकाळी तो बॅग घेऊन अंबडहून चालत माझ्या दारात आला. तोंडाला रुमाल, पायात कंपनीचे सेफ्टी शूज, कारण त्याची चप्पल कुणीतरी घाईत घालून गेलेला. "गाडीत लय गर्दी होईल," म्हणाला. अंतर ठेवून बसवणार होते, हे दोघांनाही माहीत होतं. मी काही बोललो नाही, कुकरला आणखी एक वाटी तांदूळ लावला. बावीस-तेवीसचे होतो आम्ही. आमच्यासारख्यांना गुन्हेगार ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून २०१८ लाच सुटलो होतो, पण घरमालकाला काय सांगायचं ते काही कोर्टाने लिहून दिलेलं नव्हतं.

लग्नाचं तर १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने संसदेवर सोडलं. मात्र आमच्यासारख्यांना जॉइंट खातं काढता येतं, जोडीदाराला नॉमिनी करता येतं, असं केंद्र सरकारने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं. मग एका शनिवारी हाफ डे टाकून आम्ही बँकेत गेलो. फॉर्म त्यानेच भरला, मराठीत, एकेक अक्षर जोर देऊन. माझं नाव, वय, पत्ता. पत्ता एकच, म्हणून तो जरा हसला. पुढचा रकाना 'नाते'. पेन थांबलं. माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या व्याजदरांच्या तक्त्याकडे.

शेवटी त्याने काउंटरवर विचारलं, "मॅडम, इथे काय लिहू?"

मॅडमनी मान वर केली नाही. मागे रांग होती. "काहीही लिहा हो," त्या म्हणाल्या, "फक्त कोरं ठेवू नका."