रात्रपाळीचे भाडेकरू

आमच्या हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तीन मासे आहेत, यावर दिवसा येणाऱ्या पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. त्यांना दिसतात ते दगड. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला होता, "दिसत नाहीत, तळता येत नाहीत. आणले कशाला?"

हे पायजमा कार्डिनल. पिवळं तोंड, कमरेला काळपट पट्टा आणि त्यामागे ठिपक्यांच्या चिटाचा पायजमा. उंची बोटभर. या कुळाला नाव मिळालं ते चर्चच्या कार्डिनलांच्या लाल झग्यावरून. (आपल्या गोव्याच्या आर्चबिशपना तो मान २०२२ साली मिळाला.) आमच्यांच्या वाट्याला लाल आले ते थोडे ठिपके आणि डोळे, डोळेही जागरण झाल्यासारखे.

मिरामारचा समुद्र हाकेवर असताना मी मीठ विकत आणते, याचं शेजाऱ्यांना हसू येतं. पण पावसाळ्यात मांडवी-झुआरी समुद्रात एवढं गढूळ गोडं पाणी ओततात की ते टाकीत घालण्याची हिंमत होत नाही. मग आरओचं पाणी, लिटरला साधारण ३५ ग्रॅम टाकीचं मीठ, आणि पाण्याची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०२५ येईपर्यंत बादलीशी झटापट. आमटीत मीठ मात्र मी अंदाजानेच टाकते.

श्रावणात एका रात्री वीज गेली. हवेचा पंप बॅटरीवर लावला आणि टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळून टाकीत बघितलं. लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. तिघेही कपारीतून बाहेर येऊन पाण्यात नुसते टांगल्यासारखे स्थिर. बारीक कोळंबी सोडली, तर दोघांनी झडप घातली. तिसरा ढिम्म. त्याचा गळा फुगलेला. मध्येच त्याने जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं आणि आत अंड्यांचा गोळा फिरवून घेतला.

या जातीत अंडी सांभाळतो तो बाप, तीही तोंडात, आणि पिल्लं फुटेपर्यंत अन्न वर्ज्य. ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही अशा माणसांत वाढलेल्या मला हे नवलच.

"म्हणजे श्रावण पाळतोय," सासूबाई म्हणाल्या. त्यानंतर रोज रात्री टॉर्च त्यांच्याकडे. चौथ्या रात्री तोंड रिकामं, पिल्लं कुठेच नाहीत, आणि हा कोळंबीवर सगळ्यांत पुढे. पहिल्या खेपेला बऱ्याचदा अंडी गिळून टाकतात, असं मी सांगत होते.

सासूबाईंनी टॉर्च बंद केली. "मोडला मेल्याने उपास."