लघुग्रह अर्धवट सरकला तर? कादंबरीची प्रगती

पृथ्वीवर येणाऱ्या लघुग्रहाला एक खासगी कंपनी यानं धडकवून बाजूला ढकलू पाहते, अशा माझ्या कादंबरीचा मधला भाग अखेर उभा राहिला. लघुग्रह सापडतो ती सुरुवात तयार होती, शेवटाचा अंदाजही होता, पण मध्ये घोडं कुठे अडतं हे ठरत नव्हतं. ते ठरलं आकडेमोडीतून. म्हणून या वेळी कथेपेक्षा आकडेच जास्त सांगणार आहे. आपल्यातले जे स्वतः विज्ञानकथा लिहितात त्यांना ते उपयोगी पडतील, आणि जे फक्त अंतराळवेडे आहेत त्यांना आवडतील.

मूळ ठिणगी २०२४ वायआर४ची. २७ डिसेंबर २०२४ला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला हा साधारण ६० मीटरचा लघुग्रह दिसला. २२ डिसेंबर २०३२ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली, आणि नंतर काही दिवसांतच जवळजवळ शून्यावर आली. तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांत मुंबईचं नाव सारखं येत होतं, कारण धोक्याचा पट्टा पूर्व प्रशांत महासागरातून निघून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र असा दक्षिण आशियापर्यंत पोचत होता. बहुतेकांनी त्या नकाशावर आपलं शहर शोधलं. मी मात्र त्या पट्ट्याच्या आकारातच गुंतले.

तो इतका लांब आणि अरुंद का असतो? लघुग्रहाची वाट बऱ्यापैकी ठाऊक असते, पण त्या वाटेवर तो नेमका कुठवर पोचला असेल याची खात्री नसते. सगळी अनिश्चितता वाटेच्या दिशेने ताणली जाते आणि पृथ्वीवर तिचा चिंचोळा पट्टा उमटतो. लघुग्रहाचा वेग किंचित वाढवला किंवा कमी केला, की आघाताचा बिंदूसुद्धा ढोबळमानाने याच पट्ट्यावरून सरकतो. पुरेसा ढकलला तर बिंदू पट्ट्याच्या टोकावरून पृथ्वीबाहेर निघून जातो. अर्धवट ढकलला तर तो एका देशावरून उचलला जातो आणि दुसऱ्या देशावर येऊन बसतो. आता सगळी कादंबरी यावर उभी आहे.

आता आकडे. लघुग्रह ६० मीटरचाच ठेवून हिशेब सुरू केला. घनता पाण्याच्या २.६ पट धरली तर वस्तुमान होतं सुमारे ३ लाख टन. २६ सप्टेंबर २०२२ला नासाचं डार्ट यान डिमॉर्फोसवर, म्हणजे डिडिमॉस या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या लघुग्रहावर, मुद्दाम धडकवलं गेलं तेव्हा त्याचं वजन ५८० किलोच्या आसपास होतं आणि वेग सेकंदाला ६.१ किलोमीटर. तेवढा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) या ३ लाख टनांना दिला तर वेगात सेकंदाला १.२ सेंटिमीटरचा फरक पडतो. मुंगीसुद्धा याहून फार हळू चालत नाही. पण या लघुग्रहाचा स्वतःचा मुक्तिवेगच, म्हणजे त्याच्या गुरुत्वाकर्षणातून सुटायला लागणारा वेगच, सेकंदाला जेमतेम ३.६ सेंटिमीटर आहे. धक्का, म्हणजे वेगात पडलेला फरक, मुक्तिवेगाच्या दहाव्या हिश्शाच्या आत राहिला तर लघुग्रह एकसंध राहील, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे डार्टसारखं एकच यान इतक्या लहान लघुग्रहाला ढकलण्याऐवजी फोडण्याचीच शक्यता जास्त. मला तुकड्यांची कथा लिहायची नाही, सरकण्याची लिहायची आहे. म्हणून आकार वाढवून १४० मीटर केला.

१४० या आकड्याला संदर्भ आहे. २००५मध्ये अमेरिकी काँग्रेसने नासाला १४० मीटर आणि त्याहून मोठे, पृथ्वीजवळून जाणारे ९० टक्के लघुग्रह शोधायला सांगितलं, आणि त्यातले निम्म्याहून जास्त अजून सापडायचे आहेत. कथेतला लघुग्रह त्या न सापडलेल्यांपैकी एक आहे.

१४० मीटरला वस्तुमान जातं ३७ लाख टनांवर, मुक्तिवेग ८.४ सेंटिमीटर, आणि निर्धोक धक्का ०.८४ सेंटिमीटर प्रतिसेकंद. आता हे सूत्र वहीत लिहून ठेवा: सरकलेलं अंतर साधारण धक्का गुणिले वेळ गुणिले ३. हा तिनाचा गुणक येतो कारण वेग बदलला की कक्षेचा काळ बदलतो आणि दर फेरीला फरक साचत जातो. सेकंदाला १ सेंटिमीटरचा धक्का १० वर्षं आधी दिला तर ९,५०० किलोमीटर. तोच धक्का २ वर्षं आधी दिला तर जेमतेम १,९००. लघुग्रहांपासूनच्या बचावात वेळेला इतकी किंमत का, ते या दोन आकड्यांत आलं.

चुकवायचं अंतर पृथ्वीच्या त्रिज्येएवढं, म्हणजे ६,३७१ किलोमीटर नाही. पृथ्वी ओढून घेते. लघुग्रह सेकंदाला २० किलोमीटर वेगाने येतोय असं धरलं तर साधारण ७,३०० चुकवावे लागतात. मी मूळ बिंदू सुदानात ठेवला आहे, लघुग्रहाकडून दिसणाऱ्या पृथ्वीच्या चकतीच्या मध्यापासून दीड हजार किलोमीटर पूर्वेला. एका डार्टसारख्या यानाचा धक्का, उडालेल्या ढिगाऱ्याच्या उलट्या रेट्यामुळे तिप्पट झाला असं मानून, १० वर्षांत २,७०० किलोमीटर सरकवतो. पहिल्या धडकेनंतर होतात ४,२००. दुसरीनंतर ६,९००. तिसरीनंतर ९,६००, आणि पृथ्वी सुटते.

दुसरीनंतरचा आकडा परत पाहा. चारशे किलोमीटर कमी पडतात! हे मला ठरवून जमलं नसतं. पहिल्या धडकेने सुदान सुटतो आणि बिंदू ओमानच्या किनाऱ्याकडे येतो. दुसरीने तो भारत ओलांडून बंगालच्या उपसागरापलीकडे जायला हवा. पण ढिगाऱ्याने धक्का किती पट होतो, त्या गुणकाला बीटा म्हणतात, तो दर लघुग्रहाचा वेगळा. डिमॉर्फोसवर सुमारे ३.६ निघाला. माझ्या कथेत दुसऱ्या वेळी तो ३ऐवजी २ निघतो आणि बिंदू थेट दख्खनच्या पठारावर थांबतो. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं मी यात धरलेलं नाही, ते धरलं तर ठिकाणं थोडी हलतील, पण पेच तोच राहील.

हे दृश्य लिहून झालं आहे. नायिका कंपनीच्या कक्षा-गणिताच्या चमूत आहे, मूळची लोणारची. पहिली धडक यशस्वी झाल्याची बातमी जगभर जाते आणि रात्री मामाचा फोन येतो.

"काय गं, लागलं म्हणे यान?"
"लागलं, मामा. सुदानवर नाही पडणार आता."
"मग कुठं पडणार?"

तिला आकडा माहीत आहे आणि करारानुसार सांगता येत नाही. मामाचं घर त्या विवरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. लोणारचं १.८ किलोमीटर व्यासाचं विवर बेसाल्टमध्ये आहे, आणि आघाताची अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी, म्हणून चंद्र-मंगळाचे अभ्यासक तिथे येतात. मामाने आयुष्यभर अशा पाहुण्यांना काठ दाखवला आहे. 'असं काही वरून पडलं तर काय होतं' हे त्याला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून हा फोन मी दुसऱ्या कुठल्या गावी नेला नाही.

खासगी कंपनी का, असं मागे काहींनी विचारलं होतं. कारण ही वाट खरोखर सुरू झाली आहे. बी६१२ फाउंडेशनने २०१२मध्ये देणग्यांवर चालणाऱ्या सेंटिनेल या अंतराळ दुर्बिणीची घोषणा केली होती, ती प्रत्यक्षात आली नाही. ॲस्ट्रोफोर्जने फेब्रुवारी २०२५मध्ये खाणकामाच्या हेतूने ओडिन हे छोटं यान एका लघुग्रहाकडे पाठवलं, त्याच्याशी संपर्क तुटला. दोन्ही प्रयत्नांबद्दल मला मनापासून आदर आहे. माझी कंपनीही खाणकामासाठीच जन्मलेली आहे. लघुग्रहापर्यंत नेमकं पोचता येणं हे तिचं कसब, आणि ढकलण्यासाठी तेच लागतं. नोंदणी लक्झेंबर्गमध्ये, कारण २०१७पासून तिथे अंतराळातल्या खनिजांच्या मालकीचा कायदा आहे. उड्डाण फ्लोरिडातून.

इथून कायद्याचा भाग सुरू होतो, आणि मला तो कक्षांइतकाच रोमांचक वाटतो. १९६७च्या बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या कलमाप्रमाणे खासगी संस्थेच्या अंतराळातल्या उद्योगाची जबाबदारी तिच्या देशावर येते. १९७२च्या दायित्व कराराप्रमाणे अंतराळातल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केलं तर ती सोडणारा देश भरपाई देतो, चूक असो वा नसो. पण लघुग्रह कुणी सोडलेली वस्तू नाही. तो सुदानवर पडला तर निसर्गाचा कोप. कंपनीच्या यानाने सरकून दख्खनवर पडला तर? बिदर किंवा सोलापूरच्या शेतकऱ्याने दाद कुणाकडे मागायची? नायिकेचा वरिष्ठ दुसऱ्या धडकेआधी हाच प्रश्न वकिलांना विचारतो. ते प्रकरण अर्धं झालंय. आपल्यात आंतरराष्ट्रीय कायदा शिकलेलं कुणी असेल तर मसुदा वाचायला आवर्जून द्यायचा आहे.

सरावांचाही मोठा आधार मिळाला. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या ग्रहसंरक्षण परिषदेत काल्पनिक लघुग्रहाचा सराव होतो. तज्ज्ञ काही दिवस खरोखरच्या संकटासारखे निर्णय घेतात. २०१५च्या सरावात ढाका उद्ध्वस्त झालं. २०१९मध्ये डेन्व्हरवर येणारा लघुग्रह ढकलला गेला, पण त्याचा सुमारे ६० मीटरचा तुकडा सुटला आणि न्यूयॉर्कवर येऊन पडला. एक शहर वाचवताना दुसरं गमावणं ही कल्पना माझ्या डोक्यातली नाही, तज्ज्ञांनी ती कागदावर भोगून पाहिली आहे. मला फक्त तिथे माणसं ठेवायची आहेत.

धडकेच्या दृश्यासाठी डार्टची शेवटची छायाचित्रं समोर ठेवून लिहिलं. धडकेच्या तासभर आधीपर्यंत डिमॉर्फोस वेगळा दिसतही नव्हता, नुसता डिडिमॉसचा ठिपका. मग तो उलगडतो, चौकटभर होतो आणि सगळीकडे दगडच दगड. शेवटचं पूर्ण चित्र धडकेच्या दोन सेकंद आधीचं, १२ किलोमीटरवरून घेतलेलं, त्यात ३१ मीटरची जमीन. त्यानंतरचं चित्र अर्धवटच पोचलं. यान दोन मोठ्या शिळांच्या मध्ये आदळलं आणि त्याच्या सौर पंखांनी आधी त्या शिळांना स्पर्श केला. हे वाचल्यावर बीटाचं कोडं डोळ्यांसमोर आलं: खाली मऊ ढिगारा आहे की टणक शिळा, यावर किती माती उडेल ते ठरणार. कथेतलं दुसरं यान म्हणूनच एका सपाट, जड शिळेवर उतरतं. पडद्यावर ती शिळा नायिकेला एकच सेकंद दिसते, आणि आकडा कमी येणार हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं.

राहिलेलं काम: कायद्याचं प्रकरण, आणि दुसऱ्या व तिसऱ्या धडकेमधले महिने. तिसरं यान वाटेत आहे, दख्खनवर बिंदू आहे, आणि गावं हलवायची की थांबायचं हे राज्य सरकारला ठरवायचं आहे. त्यासाठी किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनाबद्दल वाचते आहे. कुणाच्या घरी त्या काळच्या आठवणी असतील तर जरूर कळवा.

युरोपचं हेरा यान ऑक्टोबर २०२४मध्ये निघालं आहे आणि २०२६च्या अखेरीस डिडिमॉसपाशी पोचेल. ते डिमॉर्फोसचं वस्तुमान मोजेल, म्हणजे बीटाचा आकडा पक्का होईल. तो ३.६पेक्षा बराच वेगळा निघाला तर दुसऱ्या धडकेचं प्रकरण नव्या आकड्यांनी पुन्हा लिहीन.